आईची चाल

व्यवस्थापकानं केबिनचं दार लावलं, पंखा बंद केला आणि टेबलावरून थोडं पुढे वाकून म्हणाला, "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. जरा माझ्याकडे तोंड करून श्वास सोडता?" पंखा का बंद केला ते तिला तेव्हा कळलं. तिनं श्वास सोडला. मुलांच्या सकाळच्या तुकडीला पोहायला शिकवून ती तशीच आली होती, केसांतून पाणी ठिबकत होतं, खांद्यावर ओला टॉवेल होता, आणि समोर हा टापटीप, तिच्याहून वयानं बराच लहान माणूस डोळे अर्धवट मिटून तिच्या तोंडाचा वास घेत होता. टूथपेस्टचा आला असेल, तलावातल्या औषधाचा आला असेल. तो मागे टेकला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "एका पालकांची तक्रार होती," तो म्हणाला, "तुम्ही काठावरून चालताना झोकांड्या खाता म्हणून. मुलं पाण्यात असतात, मला विचारावंच लागतं." "विचारायलाच हवं," ती म्हणाली. आपला आवाज इतका सरळ लागेल असं तिला वाटलं नव्हतं. "मी घेत नाही. पण त्यांनी बघितलं ते खरं आहे, झोकांड्या जातात. आजपासून मला खोल बाजूला ठेवू नका. फक्त मोठ्यांची तुकडी राहू द्या, उथळ पाण्यातली. तिथली माणसं निदान स्वतःच्या पायांवर उभी असतात." तो सुटल्यासारखा हसला. हवी तर रजा घ्या, म्हणाला. रजा नको, ती म्हणाली, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठली.

बाहेर तलावाच्या काठानं कपडे बदलायच्या खोलीकडे जाताना तिला आपले पाय दिसत होते. दोन्हींत एवढं अंतर, जणू ती होडीत उभी आहे आणि होडी कुठल्याही क्षणी कलेल. उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला, ओल्या टाइलचा गारवा तळव्याला लागला, आणि तिला एकदम तो हात आपला नाही असं वाटलं. तो आईचा होता. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंतच्या बोळात आई अशीच भिंत चाचपत जायची. तळहाताच्या उंचीवर भिंतीला एक मळकट पट्टा पडला होता, आणि दर रंगकामाच्या वेळी बाबा तेवढा पट्टा तेलरंगानं रंगवून घ्यायचे, पुसता यावा म्हणून. बोलायचे काही नाहीत. त्या घरात त्याबद्दल कुणीच काही बोलायचं नाही. बोलायचे ते बाहेरचे. पालकसभेला आई एकदाच आली होती. शाळेच्या लांबलचक ओसरीत तिला धरायला भिंतच नव्हती, नुसतेच खांब होते, आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाताना ती मध्येच बसकन खाली बसली होती. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या, "आईला सांग, शाळेत येताना तरी घेऊन येत जाऊ नका." तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. पण त्यानंतर कित्येक दिवस ती घरभर बाटली शोधत असायची. तांदळाच्या डब्यात, गादीखाली, धुण्याच्या साबणांमागे. बाटली कधीच सापडली नाही, आणि सापडली नाही म्हणून आई फार हुशार आहे असं तिला वाटायचं.

कपडे बदलून ती बाकावर बसली. बुटाची नाडी बांधायला आताशा वेळ लागायचा. बोटं जिथं जायला सांगावं त्याच्या जरा पलीकडे जायची, मग परत यायची. हे किती दिवस चाललंय? गेल्या वर्षी जिन्यात एकदा पाय चुकला तेव्हा आपण चपलेला दोष दिला. कप हातातून सटकला तेव्हा साबणाला. मोठ्यांच्या तुकडीतल्या बायका तिला लाडानं बदक म्हणायच्या, पाण्यात मासा आणि काठावर बदक, आणि ती स्वतःच त्यांच्यासमोर बदकासारखी चालून दाखवायची, मग सगळ्याजणी हसायच्या. इतके दिवस ती नक्कल करते आहे असं त्यांना वाटत होतं. तिलाही तसंच वाटत होतं बहुतेक. नाडीची गाठ कशीबशी बसली. ती उठली ती मनाशी एक गोष्ट पक्की करूनच: याला काय म्हणतात ते शोधून काढायचं. आईच्या वेळी कुणी शोधलं नाही. आई बिचारी नाव नसलेलं दुखणं घेऊन गेली. नाव नव्हतं म्हणून लोकांनी त्यांच्याकडचं दिलं.

मग डॉक्टरांचे दरवाजे सुरू झाले. कानाच्या डॉक्टरनं कानात गार पाणी सोडलं, कोमट पाणी सोडलं, आणि तोल कानात बिघडलेला नाही असं जरा निराशेनंच सांगितलं. दुसऱ्यानं जीवनसत्त्वं दिली. तिसऱ्यानं नवऱ्याला आत बोलावून विचारलं की घरी काही ताण आहे का. आणि प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, कागदावरून डोळे न उचलता विचारलं, "रोज किती घेता?" सुरुवातीला तिचा जीव चरफडायचा. मग ती खुर्चीत बसता बसताच सांगून टाकायला लागली, "डॉक्टर, मी पीत नाही, आता पुढचं विचारा." एका यंत्राच्या बोगद्यात तिला पडून राहावं लागलं, डोक्याभोवती कुणीतरी पत्रे बडवत असावं तसा आवाज, आणि तिनं डोळे मिटून मनातल्या मनात तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहणं चालू ठेवलं. पाण्यात तिला कधी भीती वाटायची नाही. जमीन एकाच बाजूनं धरते, पाणी चारी बाजूंनी धरतं. फोटोत तोल सांभाळणारा लहान मेंदू थोडा आक्रसलेला दिसला. का, ते फोटोला माहीत नव्हतं.

याच सुमारास नवऱ्याच्या पोटानं त्याच्या पट्ट्याचं शेवटचं भोक गाठलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, आणि शाफ्टमधल्या अरुंद शिडीवर पोट आडवं यायला लागलं तेव्हा त्यानं जाहीर केलं की आता घरात ब्रेड नाही, बिस्किटं नाहीत, मैदा नाही, गव्हाचं काहीच नाही. तिनंही सोडलं, सोबत म्हणून. त्याचं पोट होतं तिथंच राहिलं. पण काही आठवड्यांनी एका सकाळी तिच्या ध्यानात आलं की ब्लाउजची सगळी बटणं आपण बोलता बोलता लावून मोकळ्या झालो. तिनं कुणाला सांगितलं नाही. सुख फार लहान होतं, उच्चारलं तर मोडेल एवढं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे ती शेवटी गेली. त्या उंच होत्या, आवाज घोगरा, पायांत धावायचे बूट. त्यांनी तिला दवाखान्याच्या बोळात टाचेला पंजा लावत चालायला सांगितलं आणि स्वतः तिच्या बाजूनं, हात न लावता पण हात तयार ठेवून, चालत राहिल्या. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पोटाखाली ती स्वतः जसा हात धरायची तसा. मग आपल्या नाकाला बोट, त्यांच्या बोटाला बोट, डोळ्यांपुढे हलती पेन्सिल. "किती घेता" हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "गहू खाता?" तिला हसूच आलं. तिनं पट्ट्याच्या भोकाची गोष्ट सांगितली. "आणि सोडल्यापासून चालणं?" त्यांनी विचारलं. मग तिनं बटणांचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. काही माणसांचं शरीर गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनावर चवताळून उठतं, त्या म्हणाल्या, आणि त्या चवताळण्यात स्वतःच्याच लहान मेंदूवर हल्ला करतं. पोट कधी दुखतं, कधी अजिबात दुखत नाही. रक्तात त्या हल्ल्याच्या खुणा सापडतात. "पण खुणा हल्ला चालू असताना सापडतात. तुम्ही गहू सोडून बसलात. आत्ता रक्त घेतलं तर ते खोटं बोलेल." "मग?" "मग दोन रस्ते. गहू कायमचा सोडा, आणि हे ग्लूटेनमुळेच होतं असं धरून चाला. किंवा काही आठवडे पुन्हा रोज खा, मग तपासू. पण त्रास वाढेल. आणि वाढलेला त्रास सगळाच्या सगळा परत जाईल असं मी लिहून देणार नाही." ती खिडकीकडे बघत होती. खाली रस्त्यावर एक बाई रस्ता ओलांडायला थांबली होती, गाड्या थांबायची वाट बघत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत. "खाते," ती म्हणाली.

घरी नवरा भडकला. तो सहसा भडकत नसे; भडकला की आवाज खाली जायचा. "चालू यंत्रात हात घालायचा नाही, हा आमच्याकडे पहिला नियम आहे," तो म्हणाला. "आता जरा कुठे नीट चालायला लागली आहेस. बरं वाटतंय ना? मग झालं. नाव कशाला पाहिजे?" "मला बरं वाटून घ्यायचं नाहीये," ती म्हणाली, "मला कळून घ्यायचंय." "काय फरक पडतो?" "नुसतं धरून चालायचं म्हटलं तर कुणाच्या तरी घरी एकदा केक खाईन, एकदा बिस्किट खाईन. म्हणेन, काय होतंय. आणि पोरीला काय सांगू? आईला वाटतं म्हणून तूही खाऊ नकोस, असं?" मुलगी परगावी शिकत होती, वसतिगृहात राहत होती, आणि फोनवर अलीकडे एकदा सहज म्हणाली होती की आमच्या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत गं. सहज म्हणाली होती. असतीलही तशा पायऱ्या. नवरा उठला. मग चपला घालून बाहेर गेला आणि ब्रेडचा एक मोठा पुडा घेऊन आला. टेबलावर ठेवताना म्हणाला, "ताजा आहे. शिळा कशाला खायचा."

त्यानंतरचे आठवडे तिला पुढे आठवले ते चवीनं. सकाळी दोन स्लाइस, दुपारी दोन, रात्री सूपमध्ये बुडवून. औषधासारखे चावून चावून. भाजलेल्या ब्रेडचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. इतका चांगला वास असलेली वस्तू आपलं वाईट करते हे जिभेला पटत नव्हतं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, आणि काहीच होत नाही याचीच तिला धास्ती वाटायला लागली. मग बटणं गेली. मग सही गेली. बँकेतल्या माणसानं ती दोनदा करायला लावली. फोनवर बोलताना शब्द तोंडात जाड व्हायला लागले, आणि एकदा मुलगी म्हणाली, "आई, झोपेतून उठलीस का?" "हो," ती म्हणाली. भर दुपार होती. जिना उतरताना नवरा तिच्यापुढे एक पायरी खाली राहून, पाठमोरा, काही न बोलता उतरायचा, जणू त्याचं आपलं सहज त्याच वेळी खाली काम निघालं आहे. कामावर तिनं आपण होऊन व्यवस्थापकाला सांगितलं की काही दिवस पाण्यात कुणालाच घेऊन उतरणार नाही, टोप्या आणि किल्ल्या द्यायच्या खिडकीवर बसेन. तो कारण विचारायला धजला नाही. तिनंच सांगितलं, नीट, पहिल्यापासून. त्यानं ऐकून घेतलं आणि खिडकीत बिनहाताच्या स्टुलाऐवजी हातांची खुर्ची ठेवली.

दुपारी तलाव रिकामा असायचा तेव्हा जीवरक्षकाला काठावर बसवून ती एकटी उतरायची. पाठीवर पडून राहायची. कान पाण्याखाली गेले की बाहेरचं सगळं दूर जायचं, फक्त आपला श्वास, आत, मोठा. छपराच्या काचेतून उजेड पडायचा आणि पाण्यावर हलायचा. तिथं तिला आईचे शेवटचे महिने दिसायचे. आईला तेव्हा गिळता यायचं नाही, सारखा ठसका लागायचा. डॉक्टरांनी मऊ, पचायला हलकं द्या म्हणून सांगितलं होतं, आणि ती कॉलेजातून आली की दुधात ब्रेड कुस्करून आईला चमच्यानं भरवायची. आईला आवडायचा. चमचा पुढे आला की आई पक्ष्यासारखं तोंड उघडायची, डोळे तिच्यावर ठेवून. रोज. मायेनं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा ती पाण्यात उलटी झाली, नाकातोंडात पाणी गेलं, जीवरक्षक उठून उभा राहिला. तिनं हातानं त्याला थांबवलं. खोकत खोकत कठड्याला धरून राहिली. रडण्याचा मोह झाला, पण रडून काय कळणार होतं? कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर कळून घ्यायचं. ती पुन्हा पाठीवर झाली, पाय मारले, आणि त्या टोकाला हात लागेपर्यंत थांबली नाही. घरी जाऊन तिनं ब्रेड खाल्ला.

रक्त घेताना नर्स म्हणाली, "हात सैल सोडा." तिचा हात थरथरत होता, भीतीनं नाही, हे तिला सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं. पोटात नळी घालूनही बघितलं. आतडं चांगलं निघालं, आणि नवऱ्याला वाटलं की सगळं फुकट गेलं. रक्त मात्र बोललं. डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे वळवला, आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ग्लूटेन अटॅक्सिया. ग्लूटेनमुळे तोल जाण्याचा आजार. आतडं चांगलं असूनही असं होतं. आजपासून गव्हाचा कणसुद्धा नाही. सॉसमध्ये नाही, सूपमध्ये नाही, कुणाच्या आग्रहाखातर नाही." "नक्की?" तिनं विचारलं. "जवळजवळ. बाकी सगळं आपण वगळलं. वर्षभर कडक पथ्य पाळा, मग तुमची चाल सांगेल. जे गेलंय त्यातलं थोडं येईल, थोडं येणार नाही. पण पुढचं जाणं थांबेल अशी मला आशा आहे, आणि मी आशा सहसा वापरत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणी असं चालायचं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "आई," ती म्हणाली. "आई अशीच चालायची." नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. त्यानंही दुसरंच ऐकलं होतं, लग्नाच्या आधी, कुणाकडून तरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचं आता सिद्ध करता येणार नाही, पण सख्ख्या नात्यातल्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं. गहू सोडायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी ती बाबांकडे गेली, एकटी, टॅक्सीनं. बाबा आता धाकट्या भावाच्या घरी तळमजल्यावर राहत. भाऊ आणि वहिनी कामाला गेली होती. बाबा खिडकीपाशी बसून नखं कापत होते. कात्री फार जवळ धरली होती. तिनं कात्री त्यांच्या हातातून घेतली, मग आपल्याला ती नीट धरता येत नाही हे लक्षात आल्यावर परत दिली. खुर्ची ओढून समोर बसली आणि सगळं सांगितलं. त्यांना कमी ऐकू येई म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि मोठ्यानं सांगितल्यामुळे ते आणखीच खरं वाटलं. शेवटी म्हणाली, "बाबा, आई पीत नव्हती."

बाबा कात्रीची पाती उघडत मिटत होते. "माहीत आहे," ते म्हणाले.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय माहीत आहे?"

"ती पीत नव्हती हे. माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? मी तिच्या शेजारी झोपत होतो."

"मग लोक म्हणत होते तेव्हा तुम्ही—"

"मोठ्या डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला, मेंदूचं आहे, का ते कळत नाही, बहुतेक रक्तातून येतं." ते तिच्याकडे न बघता बोलत होते, पण आवाजात गोंधळ नव्हता. हे वाक्य त्यांनी आत फार वर्षं सांभाळलेलं असावं. "रक्तातून येतं म्हटलं असतं तर लोकांनी तुमच्याकडे बघितलं असतं. तू चालताना अडखळलीस तरी बघितलं असतं. तुझं लग्न, त्याचं लग्न. पिते म्हटलं की तेवढ्यावर संपतं. बाई वाईट, पोरं चांगली."

"आणि आईला हे चाललं?"

"तिनंच ठरवलं. मी भांडायला निघालो होतो, तुमच्या त्या शाळेतल्या बाईशी, ती काय बोलते ते कानावर आलं तेव्हा. तुझ्या आईनं मला दारातून परत फिरवलं. म्हणाली, म्हणू देत. पोरांपर्यंत येण्यापेक्षा माझ्यापाशीच थांबू देत."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, स्टँड लागत नव्हता, पुन्हा पुन्हा आवाज येत होता. तिनं तो आवाज थांबेपर्यंत वाट बघितली. आपल्याला राग आला आहे की काय ते तिला ओळखता येईना. भिंत धरून चालणारी, कुणाशी न भांडणारी, दुबळी वाटणारी ती बाई. तिनं एवढं मोठं ओझं हसत उचललं होतं आणि घरात कुणाला त्याचं वजन कळू दिलं नव्हतं. हट्ट तर हट्ट. आपल्यात तो कुठून आला, हे कुणी तपासलं नाही तरी चाललं असतं. पण आईचा हट्ट होता लपवण्याचा, आणि आता तो मोडावा लागणार होता, तिच्याच पोरांसाठी.

"बाबा, ते थांबलं नाही ना तिच्यापाशी," ती म्हणाली. जितकं हळू म्हणता येईल तितकं हळू, तरी त्यांना ऐकू जाईल इतकं. "माझ्यापर्यंत आलं. आता धाकट्याचं रक्त तपासायचं. माझ्या पोरीचं तपासायचं. आणि त्यांना का तपासायचं ते सांगायचं."

"धाकट्याला मी सांगू?" बाबांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "मला नाही जमणार."

तिनं फोन काढला. बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर लागलं. मुलगी तासाला बसणार होती, घाईत होती. "नीट ऐक," ती म्हणाली, "मला काय झालंय ते कळलं. जिवाचं भय नाही. पण तुझंही रक्त तपासायचंय, याच आठवड्यात. तोपर्यंत खाणं बदलू नकोस. हे आजीलाही होतं." पलीकडे मुलगी काहीतरी म्हणाली. तिनं डोळे मिटले, उघडले. "कुणी सांगितलं तुला तसं? ... नाही. नाही, बाळा, ते खरं नाही."

बाबांनी हात पुढे केला. तिला आधी कळलं नाही त्यांना काय हवंय. मग तिनं फोन त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी उलटा धरला. तिनं सरळ करून दिला, कानाशी नीट लावून दिला. बाबांनी घसा साफ केला. सरकारी माणसापुढे साक्षीला उभं राहावं तसे ते खुर्चीत ताठ झाले.

"मी आजोबा बोलतोय," ते म्हणाले, फार मोठ्यानं. "तुझी आजी दारू पीत नव्हती. कधीच नाही. तिला आजार होता, आणि आम्ही तो कुणाला सांगितला नाही." ते थांबले, आणि फोनवर हात ठेवून तिच्याकडे वळले. "काय नाव म्हणालीस त्याचं?"

तिनं सांगितलं. त्यांना नीट म्हणता आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, तुकडे करून, मुलांना पहिल्यांदा श्वास धरायला शिकवताना सांगायची तसं, आणि ते तिच्या ओठांकडे बघत एकेक तुकडा फोनमध्ये म्हणत गेले.